वास्तव संख्या: लहान-मोठं ठरवताना आणि गट लावताना या चुका टाळा

मी रत्नागिरीजवळच्या गावात आठवी-नववीच्या मुलांचं गणित घेतो. पेपर तपासताना दरवर्षी तेच, नियम पाठ असतात पण संख्येकडे नीट न बघताच पेन चालू होतं.

सगळ्यात जास्त मार्क जातात ऋण संख्यांत. -७ आणि -२ यात मोठी कोण विचारलं की अर्धा वर्ग -७ म्हणतो, कारण सात मोठा दिसतो ना. म्हणून मी आता आडवी संख्यारेषा काढतच नाही, फळ्यावर विहीर काढतो. काठ म्हणजे शून्य. मे महिन्यात पाणी काठापासून ७ मीटर खाली गेलेलं असतं, जुलैत पाऊस लागला की २ मीटरवर येतं, आता सांगा पाणी वर कधी होतं? मग कोणी चुकत नाही, -२ मोठी. तसंच -२/३ ही -३/४ पेक्षा मोठी.

पण अपूर्णांकात तिरकस गुणाकार (एकाचा अंश गुणिले दुसऱ्याचा छेद) करण्याआधी छेद धन करून घ्या हं. २/(-३) आणि ३/४ तसेच गुणले तर ८ आणि -९ येतात, म्हणजे चक्क ऋण संख्याच मोठी निघाली! असं उलटं उत्तर आलं की पहिल्यांदा छेदातलं चिन्ह बघायचं.

०.३५ आणि ०.५ मध्येही घोळ होतो, पस्तीस पाचापेक्षा मोठे असं वाटतं. मासळी बाजारातला डिजिटल काटा आठवा, अर्धा किलो कोळंबीला तो ०.५०० दाखवतो. शून्यं भरून ०.३५० आणि ०.५०० लिहा, झालं.

आता गट. दोन पूर्णांकांचा अपूर्णांक म्हणून लिहिता येते ती परिमेय, नाही येत ती अपरिमेय. √ दिसलं की अपरिमेय लिहून मोकळं व्हायचं नाही, आधी मूळ काढून बघा. √३६ म्हणजे ६. √०.०९ म्हणजे ०.३, परिमेय. पण √०.९ अपरिमेय आहे, आणि इथे हुशार मुलंही फसतात. परवा एका मुलीने √०.९ = ०.३ लिहिलं. मी म्हटलं, बाळा, उलटा गुणाकार कर. तिने वहीच्या कोपऱ्यात ०.३ × ०.३ = ०.०९ मांडलं, दोन क्षण बघत बसली आणि मग स्वतःच खोडरबर उचललं.

पाय (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) म्हणजे २२/७ ही समजूत तर घरोघरी आहे. २२/७ = ३.१४२८५७१४२८५७... आवर्ती, म्हणजे तेच अंक परत परत येतात, म्हणून परिमेय, पाय मात्र ३.१४१५९... आणि अपरिमेय, त्यामुळे दोघांत २२/७ मोठा. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ६२८३२/२०००० दिलं तेव्हा त्यालाही आसन्न, म्हणजे जवळपासचंच म्हटलं होतं, मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. ०.१०१००१०००१... मध्ये क्रम दिसतो खरा, पण अंकांचा ठरावीक गट तसाच परत परत येत नाही, म्हणून अपरिमेय.

आणि एकच गट लिहून थांबू नका. मालवणचा माणूस सिंधुदुर्गचाही असतो आणि कोकणचाही, तसा ५ हा नैसर्गिक (१, २, ३...), पूर्ण (त्यात ० धरून), पूर्णांक (ऋणही धरून), परिमेय आणि वास्तव (परिमेय-अपरिमेय सगळे मिळून), सगळंच. ० मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकात नैसर्गिकमध्ये येत नाही, पूर्ण संख्यांपासून पुढे सगळीकडे येतो.