नको असलेले मेसेज ब्लॉक करताना या चुका टाळा

आत्याच्या फोनवर बँकेचा ओटीपी येईना. आम्ही दोघांनी त्यात पाऊण तास घालवला. फोन बंद करून चालू केला, सिम काढून परत घातलं, बँकेत नोंदवलेला नंबर बरोबर आहे ना तेही विचारून झालं. सगळं ठीक होतं, फक्त ओटीपी येत नव्हता. शेवटी मेसेजच्या ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं, 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' उघडलं, आणि सकाळपासूनचे सगळे ओटीपी तिथे एकाखाली एक पडलेले दिसले.

"अरे, मागच्या आठवड्यात बँकेच्या नावाने तो खोटा मेसेज आला होता ना, खातं बंद होणार म्हणून? मी तो लगेच ब्लॉक केला," आत्या म्हणाली.

तिचं काय चुकलं? नको तो मेसेज आला की ब्लॉक करा, असंच तर सगळे सांगतात. पण ब्लॉकचं बटण नेमकं काय अडवतं, हे कुणी सांगत नाही. ते पाठवणाऱ्या माणसाला अडवत नाही. मेसेजवर जे नाव किंवा जो नंबर चिकटवलेला असतो, तेवढंच ते अडवतं. खालच्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून होतात.

मेसेजवरचं नाव खरं धरून चालणं

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या अभियंत्याने पाठवला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता आणि गेला होता संगणकावरून. म्हणजे 'मेसेज फोनवरूनच येतो' हे पहिल्या दिवसापासूनच खरं नव्हतं. आजही जाहिरातींचे आणि फसवणुकीचे बरेचसे मेसेज संगणकावरच्या यंत्रणेतून हजारोंच्या संख्येने सुटतात, आणि पाठवणाऱ्याच्या जागी नंबरऐवजी ११ अक्षरांपर्यंतचं नाव घालता येतं. ते नाव खरं आहे का, हे तपासायची सोय एसएमएसच्या मूळ रचनेत नाही. काही देशांनी आणि मोबाइल कंपन्यांनी वरून निर्बंध घातले आहेत, पण तुमच्या फोनला स्वतःहून खरंखोटं कळत नाही.

फोन फक्त नाव जुळवून पाहतो. नाव तेच असलं की मेसेज त्याच संभाषणात जाऊन बसतो. त्यामुळे ठगाने तुमच्या बँकेचं नाव घातलं, तर त्याचा मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजखाली, जुन्या ओटीपींच्या रांगेत दिसतो. यातून दोन चुका होतात. एक तर 'बँकेच्याच जागी आलाय, म्हणजे खराच असणार' असं वाटून माणूस लिंक दाबतो. किंवा मेसेज खोटा आहे हे बरोबर ओळखतो आणि आत्यासारखं ते अख्खं संभाषण ब्लॉक करतो. ठग उद्या दुसरं नाव घालून येतो, आणि खऱ्या बँकेचे मेसेज मात्र बंद होतात.

तेव्हा बँक, दवाखाना, वीज, सामान घरपोच आणणाऱ्या कंपन्या, म्हणजे ज्यांच्याकडून तुम्हाला कामाचे मेसेज येतात, त्यांचं संभाषण शक्यतो ब्लॉक करू नका. त्यांच्या जाहिराती नको असतील तर त्यांच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर जाऊन जाहिरातींचे मेसेज बंद करा. थोडा वेळ जातो, पण ओटीपीला धक्का लागत नाही.

एकेक नंबर ब्लॉक करत बसणं

माझ्या एका मित्राच्या ब्लॉक केलेल्या यादीत दोनशेच्या वर नंबर आहेत आणि मेसेज अजून येतातच. येणारच. असले नंबर एकदा वापरून टाकून दिले जातात. तुम्ही ज्याला ब्लॉक केलंत, तो बहुधा पुन्हा कधीच येणार नव्हता. ओळखीचा एखादा माणूस त्रास देत असेल, किंवा एखादं दुकान एकाच नंबरवरून मेसेज पाठवत असेल, तर ब्लॉक अगदी योग्य. बाकीच्यांसाठी लागते ती गाळणी.

अँड्रॉइडवर गूगलचं मेसेजेस ॲप असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्पॅम प्रोटेक्शन' चालू आहे का ते पाहा. संशयास्पद मेसेज मग आपोआप बाजूला पडतात. आयफोनवर अनोळखी लोकांचे मेसेज वेगळ्या यादीत टाकायची सोय आहे. जुन्या आवृत्त्यांत तिला 'फिल्टर अननोन सेंडर्स' म्हणतात, नव्यांत नाव आणि जागा थोडी बदलली आहे, पण ती सापडते मेसेजेसच्या सेटिंग्जमध्येच. काही सॅमसंग फोनमध्ये ठरावीक शब्द असलेले मेसेजही अडवता येतात. तिथे शब्द जपून निवडा. 'कर्ज' हा एकच शब्द घातला तर तुमच्या स्वतःच्या कर्जाच्या हप्त्याची आठवणही अडकेल. 'तुम्ही विजेते ठरलात' असा अख्खा वाक्यांश घातलेला बरा.

गाळणी लावल्यावर तिच्यात अडकलेलं अधूनमधून बघायलाच हवं. आयफोनवर गाळलेल्या मेसेजची नेहमीसारखी सूचना येत नाही. नवीन दवाखान्याने भेटीची वेळ कळवली आणि तो नंबर तुमच्याकडे साठवलेला नसेल, तर ती सूचना अनोळखी यादीत निमूट पडून राहील. ज्यांच्याकडून निरोप अपेक्षित आहे, त्यांचा नंबर आधीच साठवून ठेवा.

'बंद करा' असं उत्तर पाठवणं

नामांकित कंपनीच्या जाहिरातीखाली 'थांबवण्यासाठी स्टॉप लिहून पाठवा' असं असेल, आणि त्या कंपनीचे मेसेज घ्यायला कधीकाळी तुम्हीच होकार दिला असेल, तर तसं पाठवायला हरकत नाही. बहुतेक वेळा ते मेसेज थांबतात. पण अनोळखी नंबरवरून आलेल्या लॉटरीच्या, नोकरीच्या, अडकलेल्या पार्सलच्या मेसेजला काहीही उत्तर देऊ नका. 'चुकीचा नंबर आहे' एवढं सौजन्यही नको. तुम्ही काय लिहिलंत याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. नंबर चालू आहे आणि पलीकडे मेसेज वाचणारं माणूस आहे, एवढं त्यांना कळतं. असा नंबर पुढे जास्त किमतीला विकला जातो.

आयफोनवर यात आणखी एक मेख आहे. अनोळखी माणसाकडून आलेल्या मेसेजमधली लिंक तिथे मुळात दाबताच येत नाही. तुम्ही उत्तर दिलंत की मात्र ती दाबता येते. म्हणून ठग लिहितात, 'वाय असं उत्तर पाठवा, मेसेज बंद करून पुन्हा उघडा, मग लिंक दाबा.' फोनने लावलेलं कुलूप ते तुमच्याच हातून उघडून घेतात. मेसेजमध्ये अशी विनंती दिसली की तो फसवणुकीचा आहे हे खुशाल समजा. एकही खरी कंपनी असं सांगत नाही.

आधी डिलीट, मग विचार

चीड आली की पहिलं बोट डिलीटकडे जातं. संभाषणच पुसलं तर ब्लॉक कुणाला करणार आणि तक्रार कशाची करणार? क्रम उलटा ठेवा: आधी तक्रार, मग ब्लॉक, शेवटी डिलीट. आयफोनवर घाईत पुसलंच असेल तर 'रीसेंटली डिलीटेड' यादीत ते निदान ३० दिवस राहतं, ही सोय २०२२ च्या आयओएस १६ (आयफोनची कार्यप्रणाली) पासून आहे.

तक्रार आणि ब्लॉक या एकच गोष्टी समजू नका. गूगलच्या मेसेजेसमध्ये संभाषणावर बोट दाबून धरलं की वर आडवी रेघ मारलेलं वर्तुळ दिसतं. ते दाबल्यावर ब्लॉक करायचं का विचारतात, आणि तिथेच स्पॅम म्हणून कळवायचा चौकोन असतो. तो तसाच ठेवला तर तो नंबर आणि त्याचे अलीकडचे मेसेज गूगलकडे जातात आणि गाळणी सुधारायला त्यांचा उपयोग होतो. आयफोनवर 'रिपोर्ट जंक' केल्याने तक्रार जाते, पण पाठवणारा आपोआप ब्लॉक होतो असं धरून चालू नका. ब्लॉक वेगळा करावा लागतो. 'मी रिपोर्ट केला तरी येतोय' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

मेसेज अडवायला भलतं ॲप घेणं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. अँड्रॉइडवर मेसेज अडवणारं ॲप घेतलं की ते तुमचे सगळे मेसेज वाचायची परवानगी मागतं. त्याशिवाय त्याला काम करता येत नाही, हे खरं आहे. पण त्या सगळ्या मेसेजमध्ये तुमचे ओटीपीही असतात. कुणी बनवलं हे माहीत नसलेल्या ॲपच्या हाती ते देणं म्हणजे जाहिरातींचा त्रास टाळण्यासाठी तिजोरीची किल्ली देणं. फोनबरोबर आलेली गाळणी बहुतेकांना पुरते. आईवडिलांच्या फोनवर असं एखादं ॲप दिसलं तर ते कधी आणि कुणी टाकलं ते शांतपणे विचारा आणि काढून टाका. त्यानंतर डिफॉल्ट मेसेज ॲप कोणतं उरलं आहे, हेही बघा.

आयफोनवर रचना वेगळी आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून बाहेरच्या ॲपला गाळणी म्हणून काम करता येतं, पण ओळखीच्या लोकांचे मेसेज त्याच्यासमोर जात नाहीत. मात्र बँकेचं नाव तुमच्या साठवलेल्या यादीत नसेल, तर ती तिथे अनोळखीच ठरते. तेव्हा ॲप निवडताना तिथेही डोळे उघडे हवेत.

ब्लॉक करूनही येतात तेव्हा

आधी पाहा, मेसेज नेमका कुठून आला. फोनवर केलेला ब्लॉक व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामला लागू होत नाही, त्यांची ब्लॉकची यादी स्वतंत्र असते. एका माणसाचे दोन नंबर असतील तर दोन्ही ब्लॉक करावे लागतात. ग्रुपमधून येत असेल तर एकाला ब्लॉक करून ग्रुप थांबत नाही, बाहेरच पडावं लागतं. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये 'ग्रुप्स'खाली 'माय काँटॅक्ट्स' निवडलंत तर अनोळखी लोकांना तुम्हाला ग्रुपमध्ये परस्पर घालता येत नाही.

मेसेजचं ॲप बदललंत तर जुन्या ॲपमध्ये घातलेले शब्दांचे नियम नव्यात येत नाहीत, ते पुन्हा घालावे लागतात.

गर्दीच्या ठिकाणी अचानक विचित्र मेसेज आला, तर तो मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून आलेलाच नसण्याची शक्यता असते. ठग गाडीत किंवा पिशवीत छोटा खोटा टॉवर घेऊन फिरतात. तो आसपासच्या फोनना २जी वर ओढतो, कारण २जी मध्ये टॉवर खरा आहे का हे फोन तपासत नाही. कंपनीने लावलेल्या गाळण्यांचा इथे उपयोग होत नाही. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनमध्ये सिमच्या सेटिंग्जमध्ये २जी बंद करायचं बटण आहे. तुमच्या भागात ४जी चांगलं मिळत असेल तर २जी बंद करून टाका.

हवा तो मेसेज येत नसेल तर

सिम काढण्याआधी ब्लॉकची यादी उघडा. गूगलच्या मेसेजेसमध्ये 'स्पॅम अँड ब्लॉक्ड', सॅमसंगच्या ॲपमध्ये सेटिंग्जमधलं 'ब्लॉक नंबर्स अँड स्पॅम', आयफोनवर अनोळखी आणि जंकच्या याद्या आणि सेटिंग्जमधली ब्लॉक केलेल्यांची यादी. अँड्रॉइडवर अडवलेले मेसेज बहुधा या फोल्डरमध्ये सापडतात. आयफोनवर मात्र ब्लॉक केलेल्या नंबरचा मेसेज पोहोचतच नाही, आणि नंतर ब्लॉक काढला तरी मधले मेसेज मिळत नाहीत. ते समोरच्याला पुन्हा पाठवायला सांगावे लागतात.

आत्याच्या फोनवर आम्ही ते संभाषण उघडून 'अनब्लॉक' दाबलं आणि नवा ओटीपी मागवला. जुने ओटीपी समोर दिसत होते, पण त्यांची मुदत संपलेली. काही सेकंदांत नवा आला, त्या खोट्या मेसेजच्या बरोबर खाली. मग मी तिला दाखवलं: संभाषणाबाहेर नाही, आत जायचं, त्या एकाच मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि वरच्या कचऱ्याच्या डब्यावर टेकवायचं. तिने ते स्वतः केलं. बँकेचं संभाषण जागच्या जागी राहिलं आणि मधला तो एक मेसेज गेला.