वळणापलीकडच्या वाय-फायसाठी परावर्तक पॅनेल

रबाळे-महापेच्या एल आकाराच्या गाळ्यात वळणापलीकडे वाय-फाय गळपटतं. सिग्नल वळवून पलीकडे पाठवणारं पॅनेल वळणावरच हवं, राउटर आणि लॅपटॉप दोन्ही थेट दिसतील असं.

5.5 गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण 54.5 मिलिमीटर, म्हणून पॅनेलवरचे पॅच (सिग्नल परतवणारे धातूचे छोटे तुकडे) तिच्या निम्म्यावर, म्हणजे 27 मिलिमीटरवर. 16 × 16 म्हणजे 256. प्रत्येकी एक पिन डायोड (विजेने चालू-बंद होणारा छोटा स्विच), चालू-बंद केल्यावर परतणाऱ्या लहरीच्या फेजमध्ये, म्हणजे चढ-उताराच्या टप्प्यात, 180 अंशांचा फरक. डायोड उलटा सोल्डर झाला की तो पॅच मुकाच राहतो. पॅनेल टांगण्याआधी एकेक तपासा.

आता राउटरचा चॅनल पक्का करा, नाहीतर मोजमाप फसवं येतं. पॅचच्या एका उभ्या स्तंभातले डायोड चालू असतील तर बंद, बंद असतील तर चालू करा, सिग्नलच्या वीसेक नोंदींची सरासरी घ्या. सिग्नल वाढला तर तसंच ठेवा, नाहीतर पूर्ववत. सोळाही स्तंभांवर ही फेरी दोनदा करा. लोखंडी शटर उघडलं किंवा रॅक हलवला, की जुळणी पुन्हा करावी लागते.