मीनाकाम केलेला जुना नॉर्वेजियन ब्रोच कसा पारखावा आणि कसा सांभाळावा

चांदीचा टंच काढून देणारे कोल्हापुरात गुजरीपासून हुपरीपर्यंत हवे तितके भेटतील. परंतु नॉर्वे किंवा डेन्मार्कमध्ये गेल्या शतकाच्या मध्यास घडलेला ब्रोच घेताना चांदीआधी मीना पाहावा, कारण मीना म्हणजे भट्टीत वितळवून धातूवर बसवलेली काच असून ती एकदा तडकली की पूर्ववत होत नाही.

ब्रोच भिंगाखाली धरून तिरप्या उजेडात सावकाश फिरवावा. या कामात चांदीवर आधी यंत्राने बारीक लाटांची नक्षी कोरतात आणि तिच्यावर पारदर्शक मीना चढवतात. त्यामुळे अस्सल काम हलवताच नक्षी आतून चमकते. जिथे लाटा एकाएकी धूसर होतात किंवा रंग किंचित मंद वाटतो, तिथे टवका उडालेली जागा बहुधा राळेसारख्या रंगीत द्रव्याने भरलेली असते. असा भराव हाताला जाणवतो का, हे कडेवरून नख फिरवूनही पाहावे.

मागील बाजूस नॉर्वेच्या मालावर ९२५एस (हजारात ९२५ भाग चांदी), तर काही जुन्या मालावर ८३०एस असा ठसा आढळतो. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या डेव्हिड-अँडरसन या ओस्लोच्या पेढीची खूण तराजूची आहे. पाठ सोनेरी दिसली म्हणून बिचकू नये, कारण चांदीवर सोन्याचा मुलामा देण्याची तिथे रीतच होती. मात्र कसोटीवर घासून तो मुलामा घालवू नये. डेन्मार्कच्या मिकेल्सन पेढीने राजकन्या मार्ग्रेथच्या जन्मानिमित्त १९४० मध्ये काढलेल्या पांढऱ्या डेझीच्या फुलाला आजही मागणी आहे, पण त्यातही पाकळ्यांच्या कडा शाबूत नसतील तर माझ्या मते नावासाठी जादा पैसे मोजू नयेत.

घरी आणल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड एवढे पुरे. चिंच, लिंबू किंवा चांदी उजळण्याचे तयार द्रावण मिन्याला लावू नये आणि ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रातही ब्रोच टाकू नये. पावसाळ्यात तो पूर्ण कोरडा करून, दुसऱ्या दागिन्याला घासणार नाही अशा बेताने, मऊ कापडात वेगळा ठेवावा.

पीन सैल झाल्यास सोनाराला ती पकडीने हलकेच चेपायला सांगावे. झाळ देणे, म्हणजे ज्योतीने तापवून जोड पक्का करणे, दोन मिनिटांचे काम आहे असे तो म्हणेल आणि चांदीपुरते ते खरेही आहे. परंतु त्याच आचेने समोरचा मीना तडकतो, म्हणून ब्रोच त्याच्या हाती देण्यापूर्वीच ज्योत लावायची नाही हे स्पष्ट बजावावे.