शेजारच्या घरात दिव्यांग मूल असेल तर हातभार कसा लावायचा

दिव्यांग मुलाच्या घराला मदत म्हटलं की मंडळांना आणि बचत गटांना आधी व्हीलचेअर सुचते. दहा बाय दहाची खोली, दोन पायऱ्या, उंबरा. तिथं ती खुर्ची आत वळत नाही, आणि सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेलं), मान न धरणारं मूल मोठ्यांच्या मापाच्या खुर्चीत एका बाजूला कलंडतं. महिन्याभरात तिच्यावर गोधड्या वाळत असतात. तेव्हा काही आणण्याआधी आईला विचारा, आठवड्यातलं कोणतं काम हातून सुटतंय? उत्तर बहुतेक घरांत एकच येतं: सरकारी कागद आणि थोडा मोकळा वेळ.

कागदांत पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. त्यासाठीच्या ‘स्वावलंबन’ या सरकारी पोर्टलवर मुलाचं आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा घालून नोंदणी करा, रुग्णालय निवडा, पावतीची छापील प्रत काढा. मग जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात कोणत्या प्रकारच्या दिव्यंगत्वाची तपासणी कोणत्या वारी होते ते आधी विचारून घ्या. चुकीच्या वारी गेलं की आईची मजुरी बुडते आणि मुलाला कडेवर घेऊन रिकाम्या हातानं परतावं लागतं. बौद्धिक दिव्यंगत्व असेल तर मानसशास्त्रीय चाचणीची तारीख वेगळी मिळू शकते. तेही त्याच दिवशी विचारा. तपासणीनंतर मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र लहान वयात बहुधा ठरावीक मुदतीचं असतं. संपण्याची तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहा.

प्रमाणपत्र हातात आलं की रुग्णालयाच्या आवारातच वाचा. नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का? सेरेब्रल पाल्सी असताना नुसतं ‘अस्थिव्यंग’ असं लिहिलंय का? ही चूक पुढे महागात पडते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यंगत्व आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी आहे. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत बसतो. पण कागदावर त्या अवस्थेचं नावच नसेल तर अर्ज अडतो. अर्ज न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत होतो. खर्च आधी खिशातून करून मग परत मागायचा असतो, म्हणून औषधाची प्रत्येक पावती आणि डॉक्टरची चिठ्ठी एकत्र टाचून ठेवा.

महिन्याच्या पैशासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, तहसील कार्यालयात. दिव्यांगांसाठी ४० टक्के दिव्यंगत्व आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, ही अट. मंजुरी मिळूनही पैसे येत नसतील तर पहिला संशय बँक खात्यावर घ्या. आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं आणि थेट लाभासाठी, म्हणजे डीबीटीसाठी, तेच खातं सक्रिय असणं (सीडिंग) वेगळं. बँकेत ‘डीबीटीसाठी सीडिंग झालंय का’ असं नेमकं विचारा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखायचा असतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारायला आईला संकोच वाटतो, तुम्हाला वाटायचं कारण नाही.

आता वेळ. ‘जमेल तेव्हा येईन’ या आश्वासनावर आईला दळणसुद्धा आणायला जाता येत नाही. मंगळवार आणि शुक्रवार, ३ ते ५, असं ठरवा आणि पाळा. पहिले तीन-चार वेळा आई घरात असतानाच बसा. मूल ‘हो’ कसं सांगतं, डोळे मिटून की हात हलवून. फिटची गोळी किती वाजता. कोणाला फोन करायचा, हे सगळं भिंतीवर कागदावर लिहून लावा.

भरवणं अंगावर घ्यायचं तर आईकडून आणि थेरपिस्टकडून शिकूनच. मूल सरळ बसलेलं, कंबर मागे टेकलेली, पावलांखाली पाट, हनुवटी किंचित खाली. तुम्ही समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. उभ्यानं भरवलं की मूल मान मागे टाकून वर बघतं आणि घास श्वासनलिकेकडे जाण्याची भीती वाढते. घास अर्ध्या चमच्याचा, पहिला गिळल्यावरच दुसरा. पातळ वरणात तरंगती भाताची शितं सगळ्यांत त्रासाची, कारण पाणी आधी घशात उतरतं आणि शितं मागे राहतात. त्यापेक्षा खिचडी एकजीव घोटा. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं किंवा आवाज घरघरला तर थांबा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. वारंवार छातीत कफ होत असेल तर डॉक्टरांना ‘जेवताना ठसका लागतो’ हे मुद्दाम सांगा. आपणहून हे फारसं कोणी विचारत नाही.

फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवायला धावणाऱ्यांना बाहेर थांबवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय.

मूल सतरा वर्षांचं झालं की आणखी एक काम. अठरा पूर्ण होताच आई-वडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, आणि बँकेतली सही तिथंच अडकते. निरामयच्या त्या चार गटांतल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याची कागदपत्रं अठराव्या वाढदिवसाच्या आधीच जमवून ठेवा.