उन्हाळ्यात कुंडीतली झाडं का जातात? या चुका टाळा

मार्च लागला की नर्सऱ्यांमध्ये झुंबड उडते आणि मे संपता संपता गच्चीच्या कोपऱ्यात रिकाम्या कुंड्यांची चळत उभी राहते. ‘यंदा ऊनच फार होतं’ एवढं म्हणून विषय मिटतो. पण मोगरा, सदाफुली, चिनी गुलाब, भेंडी, गवार ही झाडं उन्हातच खुलतात. त्यांनी मान टाकली तर गडबड बहुतेक वेळा मातीखाली, मुळांपाशी झालेली असते, आणि आपण मात्र वर पानांवर फवारे मारत बसतो. म्हणून काहीही बिघडलं की आधी कुंडीत बोट घालून बघायची सवय लावा. उन्हाळ्यातले निम्मे प्रश्न तिथेच उलगडतात.

फुललेलं दिसलं म्हणून घेतलं

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिटुनिया, पॅन्सी, डायंथस फुलांनी लगडलेले असतात. पण ही थंडीतली झाडं. हंगाम संपत आलेला असतो, त्यामुळे कितीही जपलं तरी कडक ऊन सुरू झालं की ती जाणारच. त्याच पैशात चिनी गुलाब, झिनिया, गेलार्डिया, सदाफुली, बोगनवेल घ्या. चिनी गुलाब सावलीत ठेवून ‘फुलं उघडत नाहीत’ अशी तक्रार करू नका, त्याला थेट ऊन लागतं. बोगनवेलीला रोज पाणी घातलं तर नुसता पाला येतो. माती वाळू द्या, मग ती फुलते.

भाज्यांचंही तसंच. पालक आणि कोथिंबीर उन्हाळ्यात धडपणे वाढायच्या आत तुऱ्यावर येतात. टोमॅटोची फुलं गळायला लागली की लोक खत वाढवतात. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर राहिलं आणि रात्रीही गारवा नसला की टोमॅटोचे परागकणच नीट काम करत नाहीत, त्याला खत काय करणार? त्याऐवजी लाल माठ, अंबाडी, गवार, चवळी, काकडी, दोडका आणि भेंडी लावा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत टोका, रोपं उपटून दुसरीकडे लावू नका. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा हळद्या रोग दरवर्षी येत असेल तर रोगाला दाद न देणारं वाण निवडा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ त्यासाठीच तयार झाली. हा रोग पांढरी माशी पसरवते. एकदा झालेलं झाड बरं होत नाही, ते लगेच उपटून टाकलेलं बरं.

तांबड्या मातीचा गोळा

या चुकीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण नवी झाडं जाण्यामागे मला हीच सर्वांत जास्त दिसते. आणलेलं झाड काळ्या पिशवीतून काढा आणि मुळांभोवतीचा गोळा हातात घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांत तो तांबड्या चिकण मातीचा, दाबून बसवलेला असतो. ओला असताना मऊ लागतो, एकदा वाळला की विटेसारखा कडक होतो. आपण तो तसाच कुंडीत ठेवतो आणि भोवती शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली भुसभुशीत माती भरतो. मग पाणी घातलं की ते त्या मोकळ्या मातीतून झरझर खाली जातं. वरची माती ओली दिसते, तळाच्या भोकातून पाणीही येतं, पण सगळी मुळं ज्यात आहेत तो गोळा आत ठणठणीत कोरडा असतो.

लावण्याआधी पिशवीसकट गोळा बादलीभर पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत तसाच राहू द्या. मग बाहेरची माती बोटांनी अलगद सोडवा, मुळं थोडी मोकळी करा. हे फेब्रुवारी-मार्चच्या सुरुवातीला. एप्रिल-मेमध्ये मुळांना हात लावू नका, फक्त गोळा भिजवून लाकडी काडीने बाजूला चार-पाच भोकं पाडा आणि लावा. आधीच लावून झालं असेल तर काडी खोडाजवळ खुपसून बघा. ती कोरडी बाहेर आली तर अख्खी कुंडी टबातल्या पाण्यात ठेवा. पूर्ण वाळलेलं कोकोपीटही असंच पाणी धरत नाही, त्यालाही हाच उपाय.

आणखी एक. नर्सरीतलं झाड हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. थेट गच्चीवर ठेवलं की दोन दिवसांत पानांवर पांढुरके, मग तपकिरी चट्टे पडतात. हा पानं भाजल्याचा डाग आहे, जास्त पाणी घालून जात नाही. पहिले आठ-दहा दिवस फक्त सकाळचं ऊन द्या.

पाणी: दुपारी नाही, सकाळी बघा

दुपारी दोन वाजता जास्वंदीची पानं लोंबली की लगेच पाईप घेऊन धावू नका. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर काही बिघडलेलं नाही. सकाळी सातलाही पानं लोंबत असतील तर मात्र बोट दोन पेरं आत घाला. आत कोरडं असेल तर झाड तहानलेलं आहे. माती ओली आहे, आंबूस वास येतोय आणि खालची पानं पिवळी पडून गळताहेत, तर मुळं कुजताहेत, आणि तिथे पाणी घालणं म्हणजे झाड मारणंच. दोन्हींत पानं सारखीच लोंबतात, म्हणून तर घोटाळा होतो.

गच्चीवर उन्हात पडलेल्या पाईपमधलं सुरुवातीचं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी वाया जाऊ द्या किंवा बादलीत धरून गार होऊ द्या. टाकीचंही दुपारचं पाणी गरमच, म्हणून पहाटे-सकाळी घातलेलं पाणी उत्तम.

कुंडीही तापते. काळ्या ग्रोबॅगा (झाडं लावायच्या पिशव्या) पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवल्या तर भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि कडेची मुळं भाजतात. कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खाली विटा ठेवा आणि एकमेकींना खेटून मांडा. मातीवर वाळका पाचोळा, उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या दोन-तीन बोटं जाड पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या आसपास जातो, तिथे 50 टक्क्यांची शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) लागतेच. पुण्या-नाशकात ती पश्चिमेच्या बाजूने लावली तरी पुरते. सगळी बाग दिवसभर जाळीखाली झाकली तर मोगरा आणि वेलभाज्या फुलायच्या नाहीत.

मोगऱ्याला कळ्याच नाहीत

मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. छाटणीच केली नाही तर जुन्या फांद्या नुसत्या पसरतात. जानेवारीत पाणी कमी करून ताण द्या, महिनाअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फांद्या निम्म्याने कापा, उरलेली पानं खुडा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा. ही वेळ हुकली असेल तरी फुलं येऊन गेलेली टोकं खाली दोन पानांपर्यंत कापत राहा, नवा बहर येतो. युरिया टाळा, त्याने पाला माजतो. रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर बाकी सगळं फुकट.

कळ्या जांभळट पडून न उमलताच वाळत असतील तर एक फोडून बघा, आत बारीक अळी सापडेल. अशा कळ्या रोज खुडून नष्ट करा, कुंडीत टाकू नका.

बारीक जाळी आणि गळणारी फळं

पानं फिकट ठिपक्यांनी भरली, मागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पांढऱ्या कागदावर पान झटका, चालणारे ठिपके दिसतील. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस मारा, त्याने भागलं नाही तर लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण. तोही सूर्य मावळल्यावरच, कारण उन्हात तेलाने पानं करपतात.

वेलींची छोटी फळं पिवळी पडून गळतात, त्याचं कारण बहुधा परागीभवन न होणं. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधीची संध्याकाळी, तेव्हा गच्चीवर मधमाश्या नसतात. फुलामागे इवलंसं फळ दिसतं ती मादी. नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग तिच्या मध्यावर हलकेच टेकवा. दोडक्याला हे सायंकाळी सहा-सातलाच करावं लागतं. सुरुवातीला फक्त नर फुलं आली तर घाबरू नका, मादी मागून येते.

वळवाचा पहिला पाऊस झाला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढा, अडेनियम (फुगीर खोडाचं, जास्त पाण्याने कुजणारं झाड) छपराखाली घ्या आणि राहून गेलेलं कुंड्या बदलण्याचं काम पाऊस स्थिरावल्यावर हातात घ्या.