मेंढीकोटातून ब्रिजकडे वळताय? या चुका टाळा

झड लागली आणि वावरात पाय टाकता येईना, की आपल्याकडे ओसरीवर चार जण बसतात आणि मेंढीकोट सुरू होतो. त्यामुळे विदर्भातल्या खेड्यातला माणूस ब्रिज शिकायला बसतो तेव्हा कोरा नसतो. रंगाला रंग देणं, समोर बसलेला तो आपला भिडू, कोणती पानं पडून गेली याची आठवण, हे सगळं त्याला लहानपणापासून येतं. ही मोठी शिदोरी आहे. अडचण एवढीच की मेंढीकोटाच्या काही सवयी ब्रिजमध्ये नेमक्या उलट्या पडतात. गावातल्या नव्या चौकडीत आणि अपडाऊन करणाऱ्या मास्तरांच्या डब्यात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

बोली म्हणजे लिलाव नव्हे

मेंढीकोटात बोली नसतेच. हुकूम बंद ठेवलेला असतो, नाहीतर कोणी पहिल्यांदा कापतो तेव्हा ठरतो. म्हणून नवा खेळाडू ब्रिजची बोली बाजारातल्या लिलावासारखी चढवत नेतो. खरं तर ते भिडूशी चाललेलं बोलणं असतं. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, असे पूर्ण जोडात ४० गुण. साधारण १२ गुणांच्या वर पानं असली की बोली उघडावी. दोघांचे मिळून २५-२६ झाले की गेमचा, म्हणजे १०० किंवा जास्त गुण देणाऱ्या बोलीचा, विचार करायचा : नो ट्रम्पमध्ये, म्हणजे हुकूमच नसलेल्या डावात, ३ ची बोली (९ हात), बदाम-इस्पिकात ४ ची (१० हात). किलवर-चौकटला मात्र ५ ची बोली, म्हणजे ११ हात लागतात. तेव्हा किलवर लांब दिसली म्हणून पाचवर उडी मारण्याआधी तीन नो ट्रम्पचे ९ हात निघतात का, ते मोजा.

सगळ्यात जास्त नुकसान चुकीच्या पासने होतं. तुम्ही १ बदाम म्हणालात, भिडू १ इस्पिक म्हणाला आणि तुम्ही ‘माझं सांगून झालं’ म्हणून गप्प बसलात. भिडूकडे ६ गुण असतील किंवा १६ सुद्धा असतील, हे तुम्हाला अजून कुठे ठाऊक आहे? ज्याने आधी पास केलेलं नाही अशा भिडूने नवा रंग सांगितला, तर उघडणाऱ्याने आणखी एकदा बोलायचंच. नाहीतर डाव संपल्यावर ‘काहून पास केलं बे?’ हे ऐकावं लागतं, आणि विचारणाऱ्याचं बरोबर असतं. उलट चूकही आहेच. पाच पानांचा तोच रंग तीन-तीनदा सांगितल्याने त्याची पानं सहा होत नाहीत.

आणि खुणा. मेंढीकोटात डोळे मिचकावणं, पान आपटून टाकणं ही गंमत असते. ब्रिजमध्ये ते चालतच नाही. भिडूला जे कळायचं ते बोलीतून आणि पडलेल्या पानातूनच. उसासा टाकून केलेला पास, मुद्दाम लांबवलेला विचार, हेही त्यातच आलं. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लागत नाही.

एक्का मारायची घाई

ही चूक मी सविस्तर सांगतो, कारण ती सुधारली की खेळ एकदम बदलतो. तुम्ही दक्षिणेला, तीन नो ट्रम्प खेळताय. तुमची पानं : इस्पिक एक्का-८-३, बदाम एक्का-७-२, चौकट राणी-गुलाम-५, किलवर एक्का-राणी-६-४. डमीत, म्हणजे भिडूच्या उघड्या मांडलेल्या पानांत : इस्पिक राजा-राणी-६, बदाम ८-५, चौकट राजा-१०-९-८-४, किलवर राजा-७-२. पश्चिमेने बदामाची छक्की उतरली, पूर्वेने राणी टाकली.

मेंढीकोटाचा हात लगेच एक्क्याकडे जातो. थांबा आणि मोजा. इस्पिकाचे ३, किलवरचे ३, बदामाचा १, असे नक्की हात ७. उरलेले चौकटीतून काढायचे, आणि त्यासाठी चौकटीचा एक्का बाहेर काढावा लागणार. तो पूर्वेकडे असला आणि तुम्ही बदामाचा एक्का आधीच मारला असला, तर पूर्व बदाम परत खेळेल, पश्चिम बदामाचे चार हात ओढेल आणि तुम्ही एक हाताने बुडाल.

आता बदाम दोनदा सोडा, म्हणजे लहान पान टाकून हात जाऊ द्या, आणि तिसऱ्यांदा एक्का मारा. बदाम विरोधकांत ५-३ वाटले असतील, तर पूर्वेकडचे संपले. तिला चौकटीचा एक्का मिळाला तरी पश्चिमेपर्यंत पोचायला वाट नाही. दोन बदाम आणि एक चौकट गेली, १० हात तुमचे. बदाम ४-४ वाटले असले तरी ९ हात कुठे जात नाहीत. किती वेळा सोडायचं त्याचा सोपा हिशेब असा : दोन्ही हातांत मिळून त्या रंगाची जितकी पानं, ती ७ मधून वजा करा. इथे पाच पानं, म्हणून दोनदा.

पश्चिमेची छक्की तिच्या बदामांतलं वरून चौथं पान असेल, तर ११ मधून ६ गेले ५. म्हणजे बाकीच्या तीन हातांत छक्कीहून मोठी पाचच पानं. तुमच्याकडे एक्का आणि सत्ती, डमीत अठ्ठी, तेव्हा पूर्वेकडे दोनच. एका पानातून एवढं कळतं. म्हणून डमी उघडल्यावर पहिलं पान टाकण्याआधी जरा थांबण्यात लाज वाटू देऊ नका.

हुकूम राखून ठेवणं

मेंढीकोटात हुकूम दश्शी पकडायला जपून ठेवतात. ब्रिजमध्ये तुमच्याकडे हुकमाची ८ पानं असतील, तर विरोधकांकडे ५ राहतात आणि ती सुमारे ६८ टक्के वेळा ३-२ वाटलेली असतात. ती आधी काढून घ्या, नाहीतर तुमचा पक्का राजा कोणीतरी दुर्रीने कापेल. डमीतून कापून हात मिळवायचे असतील, तेव्हाच थांबा.

उतारी करताना हुकमाच्या डावात एक्क्याखालचं लहान पान खेळू नका. राजा-राणी-गुलाम अशी ओळ असेल तर वरचं पान उतरा.

रागाने डबल, म्हणजे विरोधकांची बोली निघणार नाही असं आव्हान, म्हणू नका. २ बदाम डबल झाले आणि निघाले तर ६० चे १२० होतात. १०० ला गेम, म्हणजे विरोधकांना गेम तुम्हीच दिला.

घरच्यांची हरकत

पत्ते म्हटलं की गावात जुगार आठवतो, आणि ती भीती खोटी नाही. पैसे लावून बसू नका, अगदी चहाचेही नाही. घरी सांगा की २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज होता आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीत भारताला सुवर्ण मिळवून दिलं.

चौथा भिडू मिळेना, तर मोबाईलवर ब्रिज बेस ऑनलाइनवर संगणकाच्या तीन खेळाडूंबरोबर सराव होतो. पण चौघे बसाल तेव्हा हात गोळा करून ढीग करू नका. प्रत्येकाने आपलं पान आपल्यासमोरच उपडं ठेवावं, जिंकलेला हात उभा, हरलेला आडवा. डाव संपला की चारही हात जसेच्या तसे उघडता येतात, आणि कोणत्या पानाला डाव फिरला ते वाद न घालता सगळ्यांना दिसतं.