एअरबॅग घेण्याआधी मागचे पाटे बघा

१९५० ची मर्क्युरी ही जुनी अमेरिकन गाडी एअरबॅगवर, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बसणाऱ्या हवेच्या पिशव्यांवर, मागून खाली बसवायची असेल तर आधी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. तिचे कमानपाटे नुसतं वजन पेलत नाहीत, अख्खा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतात. पाटे काढून बॅगा बसवल्या की वजन उचललं जाईल, पण अ‍ॅक्सलला धरणार कोण? म्हणून फोर-लिंक (अ‍ॅक्सलला चासीशी जोडणारे चार दांडे) आणि अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड हवाच. इथे पैसे वाचवू नका. १९६४ च्या शेवरले इम्पालाला मागे कॉइल स्प्रिंग नि अ‍ॅक्सल धरणारे आर्म मुळातच आहेत, तिथे काम बरंच सोपं. डाव्या-उजव्या बॅगेला हवेची लाइन आणि व्हॉल्व्ह वेगळे द्या, नाहीतर वळणावर एकीतली हवा दुसरीत जाते आणि गाडी कलते. बॅग सायलेन्सरच्या पाइपापासूनही लांब ठेवा.